शिकेकाईनं धुतलेली होडी

माझ्या पायाला भिंगरी लागलीय असं आई म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. जेवताना मी ताटावरून उठून खाडीचं पाणी बघून यायचो. न्हाव्यापुढे बसलो तर तो बिचारा वस्तरा उचलून धरायचा आणि माझी मान कधी स्थिर होते याची वाट बघत राहायचा. मुंबईत जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर उंच स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या बोटींचे नकाशे काढायचे आणि त्या बोटी निघून जाताना खिडकीतून बघायच्या, अशी ती नोकरी. शनिवारी भाऊच्या धक्क्यावर लाँच धरायची, रेवसला उतरायचं, तिथून खाडीच्या बांधानं चालत घर. घरी पोचलो की रविवारी दुपारपासून मुंबईचे वेध लागायचे, आणि मुंबईत सोमवारी ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणला की पुन्हा घरचे. लाँचमध्ये असायचो तेवढा वेळ काय तो मी माणसात असायचो.

गोवा नुकताच मोकळा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. आता किनाऱ्याकिनाऱ्यानं हवं तितकं खाली जाता येईल, मधे कुणी अडवणार नाही, या विचारानं माझ्या डोक्यात भुंगा शिरला. आपली एक होडी हवी. तिच्यात मासळी नको, मीठ नको, कौलं नकोत. नुसती शिडावर हिंडायला. तिच्यात झोपता यावं, भात शिजवता यावा, आगरदांड्याला कंटाळा आला की पलीकडे दिघी, दिघीला कंटाळा आला की आणखी पुढे.

मुंबईत माझ्या खोलीत राहणारा दोस्त एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात होता. तो एकदा मधाच्या रंगाचा एक तुकडा घेऊन आला. काचेच्या तंतूंचं कापड आणि एक चिकट रसायन, दोन्ही एकत्र वाळलं की असं टणक होतं, म्हणाला. याला फायबरग्लास म्हणतात, परदेशात याच्या होड्या करतात. मी तो तुकडा वाकवला, आपटला, आठवडाभर बादलीत बुडवून ठेवला. फुगला नाही, कुजला नाही. आमच्याकडे लाकडाच्या होड्या दर वर्षी वर ओढाव्या लागायच्या. तळाला किडा लागायचा, मग तेल पाजा, चुना लावा, फटीत कापूस ठोका, आणि पावसाळाभर माडाच्या झापांखाली शाकारून ठेवा. या होडीला त्यातलं काहीच लागणार नव्हतं. तिला थांबायची गरज नाही, हेच मला सगळ्यात आवडलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं संपवत मी तिचा नकाशा काढू लागलो. लांबी अठरा फूट. तळ उथळ आणि रुंद, म्हणजे ओहोटीला खाडीच्या चिखलात कलंडणार नाही, बसून राहील. मागे एक माणूस सुकाणू धरून बसेल एवढी जागा, पुढे छोटी केबिन, तिच्यात दोन अंगाला दोन बाकं, मधे स्टोव्ह. केबिन किती उंच करायची यावर माझी गाडी अडली. उंच केली तर वारा तिलाच ढकलणार आणि होडी दिसणार पेटाऱ्यासारखी. बुटकी केली तर आत माणूस डोकं आपटणार.

माझे वडील होड्या बांधायचे. खाडीच्या तोंडाशी, भरतीचं पाणी जिथे येऊन टेकतं तिथे, त्यांचा झापांचा मांडव होता. मचवे बांधण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या पट्ट्यात कुणी नव्हता असं ते स्वतःच सांगायचे. तापट माणूस. फळी वाकत नसली तर फळीला शिव्या घालणार. स्वतः मात्र कधी होडीत बसून कुठे गेले नाहीत. त्यांना पाणी लागायचं, म्हणजे होडी हलली की पोट ढवळायचं. बांधायची, पाण्यात सोडायची आणि काठावरून बघायची, एवढाच त्यांचा समुद्र.

त्या वर्षी त्यांच्याकडे काम नव्हतं. एका मालकानं मचवा सांगितला होता, लाकूड येऊन पडलं होतं, आणि मालकानं बेत बदलून ट्रक घेतला. ते सागवान मांडवात पडून होतं आणि बाबा त्याच्याभोवती रिकाम्या हातानं फेऱ्या मारायचे. मी नकाशा घेऊन गेलो तो अशा वेळी.

त्यांनी कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि बराच वेळ बघितला.

"ह्यात माल कुठं भरनार?"

"माल नाही बाबा."

"मासली?"

"मासळीपण नाही."

"मंग ही जानार कुठं?"

"कुठेही."

"कुठंही म्हंजे कुठं?"

मी पटकन केबिनची अडचण सांगितली. आई पडवीत कोळंबी सोलत बसली होती. बाबांनी सुतळी घेतली, आईच्या बुडापासून अंबाड्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. "बाईमानूस बसून काम करील एवढी उंची पुरं," म्हणाले. बाकाची लांबी ठरवायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी ते मांडवात आडवे झालेले असताना डोक्यापासून टाचेपर्यंत त्यांचंच माप घेतलं. त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

"दोन मानसांची निजायची सोय केलीस," आई म्हणाली. "दुसरं मानूस कुठाय?" लग्नाचा विषय ती अशी कुठूनही काढायची. मी उठून खाडीकडे गेलो.

आता खरी गोष्ट बाबांना समजावायची होती. फायबरग्लासची होडी थेट बांधता येत नाही. आधी तिच्या आकाराची लाकडाची होडी करायची. ती उपडी घालायची, तिला मेण चोळायचं, आणि तिच्यावर काचेचं कापड आणि रसायन थापायचं. ते वाळलं की बाहेर तयार होतो तो साचा. लाकडाची होडी त्यातून काढून घ्यायची आणि मग साच्याच्या आतून पुन्हा तसंच थापायचं. ती आपली होडी. आईला हे लगेच कळलं, मोदकाचा साचा तिच्या हातातला. बाबांनी मात्र मुद्द्याचं विचारलं.

"मंग लाकडाची होडी?"

"तिचं काम तिथेच संपलं. मोडून टाकायची."

"पान्यात न्हाय?"

"पाण्यात कशाला? ती नुसता नमुना आहे. आतून पोकळ सांगाडा चालेल, हलकं लाकूड चालेल. फटी खडू-तेलाची लांबी भरून बुजवायच्या. वरून गुळगुळीत दिसली की झालं."

बाबा उठून सागवानाकडे गेले. मला वाटलं, पटलं.

पुढच्या शनिवारी आलो तर तळाचा कणा बसवून झाला होता आणि तो त्या मचव्याच्या सागवानाचा होता. मग कित्येक शनिवार नुसत्या फळ्या. त्यानंतरच्या एका शनिवारी मी मांडवात शिरलो तेव्हा बाबा फटीत कापूस ठोकत होते. टक्, टक्, टक्. खऱ्या होडीला ठोकतात तसा, तेल लावलेला.

"बाबा, हे कशाला? हिला पाणी लागणार नाहीये."

"व्हय व्हय," ते म्हणाले आणि ठोकत राहिले.

मी डोकं धरून बसलो. जे काम पंधरवड्यात उरकायचं ते महिने खाऊन बसलं होतं. आणि तेव्हाच मला त्यांची दाढी दिसली. आमच्या घरात एक रीत होती, बाबांच्या बाबांपासूनची. होडीचा कणा ठेवला की ती पाण्यात जाईपर्यंत बांधणारा दाढी करत नाही. होडी पाण्यावर तरंगली की घरी यायचं, अंगणात बसायचं आणि दाढी करायची. बाबांच्या दाढीवरून गावातली माणसं होडीचं काम किती झालंय हे ओळखायची. आता ती पांढरी दाढी चांगली बोटभर वाढली होती.

"दाढी का ठेवलीय?" मी विचारलं.

"खाज येती पन ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि हातोडी बदलली.

मी आईकडे गेलो. तीही माझ्याकडे बघेना. "आजवर यांची एक होडी कोरडी ऱ्हायली न्हाय," एवढंच म्हणाली. त्या क्षणी मला कळलं की माझ्या हिंडण्याच्या होडीपायी मी बाबांना अशी होडी बांधायला लावलीय जी त्यांना कधी सोडता येणार नाही, आणि ती सोडली नाही तर ती दाढी तशीच राहणार. कळलं, पण मी थांबलो नाही. दोस्तानं खटपटी करून परदेशी रसायनाचे डबे मिळवले होते, पुन्हा मिळायची आशा नव्हती. उन्हाळ्यात ते डब्यातल्या डब्यात घट्ट होऊ लागतं आणि पावसाच्या दमटपणात धड वाळत नाही. वैशाख लागला होता. मी कारखान्यातून लांब रजा घेतली आणि घरी येऊन ठाण मांडलं.

होडी उपडी घातली. मी तिला रंग दिला, घासला, पुन्हा दिला, आणि मग फरशीला लावतात ते मेण चोळायला घेतलं. थरावर थर, दुपारच्या उकाड्यात, खांदे भरून येईपर्यंत. शेवटी तिच्यावर माशी बसली तर घसरेल अशी ती झाली. गावातली माणसं येऊन बघून जायची. "पोरगा काचेची होडी करतोय, खोकू नका रे," असं मांडवाबाहेर चाललेलं असायचं.

काम सुरू करायच्या दिवशी सकाळी मी दोस्ताला आणायला रेवसला गेलो. लाँचमधून तो डब्यांसकट उतरला आणि आम्ही घाईघाईनं मांडवात आलो, तर होडीच्या तोंडाला हळदकुंकवाची बोटं ओढलेली, जास्वंदीचं फूल ठेवलेलं, आणि आई कडेला उभी. मी फूल उचललं. हळदकुंकू असू दे म्हटलं, त्यानं काय बिघडतंय.

मग तीन माणसं दिवसभर वेड्यासारखी राबली. रसायनात ते घट्ट करणारं दुसरं औषध मिसळलं की हातात थोडाच वेळ मिळतो. दोस्त मिसळायचा, मी ब्रशनं थापायचो, बाबा काचेचं कापड कापून द्यायचे. एका डब्यानं धूर सोडला, तो खाडीत भिरकावला. काचेचे बारीक तंतू मानेत, कोपरात, कुठे कुठे शिरले आणि सगळ्या अंगाला खाज सुटली. वासानं आईनं दुपारचं जेवण शेजारी नेऊन केलं. थरावर थर चढवून साचा जाड झाला, त्याला बाहेरून लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि वाळायला सोडला. ते दिवस मी खाडीच्या बांधावर येरझारा घालून काढले. दर भरतीला मांडवात जाऊन साच्यावर टिचकी मारून बघायचो.

वाळला. आम्ही मागच्या बाजूनं लाकडाच्या पाचरी घातल्या. कर्र असा आवाज होऊन साचा होडीपासून सुटला आणि बोटभर फट पडली. मी ओरडलोच. पाचरी पुढे सरकवत गेलो, दोन्ही कडा सुटल्या. पण तोंडाशी येऊन सगळं थांबलं. ठोकलं, वाकवलं, गरम पाणी ओतलं. तिथे साचा आणि होडी एकच झाले होते.

"तिथे मेण लागलं नसणार," दोस्त म्हणाला.

"तिथे तर मी सगळ्यात जास्त लावलंय!"

मागून आईचा आवाज आला. "तोंडाचं मेन व्हय? ते मीच काढलं. मेनचटावर हलदीचं बोट उठतच नव्हतं. शिकेकाई लावून सोच्छ धुतलं, तवा कुठं बसलं."

दोस्त मांडवाबाहेर गेला, हसायला, हे मला कळत होतं.

"अगं आई, मेण पुसायचं असतं का?"

"मंग नव्या होडीचं तोंड तेलकट ठेवायचं? कोन बगंल काय म्हनंल?"

तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मला एवढा राग आला होता की मी पाचर खाडीकडे फेकली आणि मग चिखलात जाऊन स्वतःच शोधून आणली.

आता दोनच वाटा होत्या. साच्याचं तोंड कापायचं, म्हणजे साचा गेला, रसायन गेलं आणि माझी होडी गेली. नाहीतर लाकडाच्या होडीचं तोंड आतून कापून काढायचं. ती तशीही मोडायचीच होती. मी करवत उचलली.

बाबा होडीपाशी येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. तापट माणूस ओरडत नाही तेव्हा भीती वाटते.

"करवत खाली ठेव."

"बाबा, दुसरा उपाय नाही."

"नसंल. आदी हिला पानी दावू. मंग काप, न्हायतर चुलीत घाल. मी बोलनार न्हाय."

"ही साच्यासकट पाण्यात न्यायची? लोक हसतील."

"हसू दे. कोरडी होडी कापू देनार न्हाय मी."

त्यांचा हात त्या फळीवर होता आणि हनुवटीखाली ती दाढी. मी करवत ठेवली आणि विचारलं, उधाण कधी? पुनवेला, ते म्हणाले, दुपारी भरती चढंल. पुनव अजून चारपाच दिवसांवर होती. आकाशात दक्षिणेकडे ढग जमायला लागले होते, माझी रजा संपत आली होती, आणि उरलेले डबे मी पुन्हा पुन्हा हलवून बघत होतो की आत पातळ आहे ना. ते दिवस कसे गेले मला माहीत. आई म्हणाली, बांधावर माझ्या फेऱ्यांनी गवत उगवायचं नाही.

पुनवेच्या दुपारी गावातली माणसं जमली. साचा आणि त्याच्या पोटात होडी असं ते धूड सुलटं केलं, ओंडक्यांवरून ओढत पाण्याशी नेलं. थट्टा भरपूर झाली. होडीनं रेनकोट घातलाय का, असं एकानं विचारलं. बाबांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ते धोतर वर खोचून, नारळ घेऊन होडीत चढले आणि तोंडाशी उभे राहिले. ज्यांना पाणी लागायचं ते बाबा. आईनं तोंडावर हात ठेवला.

भरतीनं धूड उचललं. तरंगलं. बाबांनी नारळ फोडला, पाणी होडीच्या तोंडावर सोडलं, आणि दोन्ही अर्धी खाडीत टाकली. मी मनात म्हणालो, झालं, आता बाहेर काढा.

तेवढ्यात मागची फट पाणी प्यायला लागली. पाचरींनी आम्ही जी फट पाडली होती तिच्या कडेवरून लाटेगणिक पाणी होडी आणि साचा यांच्या मधे शिरत होतं. साचा जड झाला आणि मागच्या बाजूनं खाली जायला लागला. होडी वर, साचा खाली, आणि दोघं फक्त तोंडाशी एकमेकांना धरून. मी पाण्यात धावलो, "साचा बुडतोय, धरा," म्हणून ओरडलो. दोस्तानं माझा शर्ट मागून पकडला. मधून एक मचवा गेला होता, त्याच्या लाटा आल्या. होडी वर उचलली, साचा खाली ओढला गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग लाकूड सोलल्यासारखा मोठा आवाज झाला आणि साचा सुटून पाण्याखाली गेला. होडी एकदम हलकी होऊन उसळली, बाबा मटकन खाली बसले, आणि ती सरळ झाली. तिच्या तोंडाचा रंग आणि लाकडाची एक साल निघून गेली होती. बाकी ती सुक्या नारळासारखी तरंगत होती. आत थेंब पाणी नव्हतं. तो सगळा कापूस उगाच ठोकलेला नव्हता.

काठावर माणसं नाचायला लागली. मी साचा जिथे गेला तिथे बघत होतो. पाणी छातीएवढंच, ओहोटीला सापडेल. मान वर केली तर होडी लांब गेलेली.

तिला वल्हं नव्हतं. सुकाणू नव्हतं. डोलकाठी नव्हती. पाण्यात जायचीच नव्हती ना ती. भरती संपून पाणी परतायला लागलं होतं आणि त्याच्याबरोबर बाबा खाडीच्या तोंडाकडे चालले होते. ज्या वाटेनं मला जायचं होतं त्याच वाटेनं.

मी बांधावरून पळायला लागलो. "बाबा! कड धरा! बसून राहा!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. ते हळूच होडीच्या तळाशी आडवे झाले. बांधावरून मला नुसती रिकामी होडी वाहत चाललेली दिसायला लागली. चपला काढायचंही सुचलं नाही, तसाच मी पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन कड पकडली.

बाबा उताणे पडले होते. डोळे उघडे, आकाशाकडे. दाढीवर नारळाचं पाणी सांडलेलं. त्यांना मळमळत असणार, चेहरा पांढरा पडला होता, पण ते हसत होते.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. "मी पुरतो."

मला रडू आलं. पाण्यात असल्यानं दिसलं नाही, एवढंच. माझे पाय चिखलाला लागले होते. होडी ओढून परत न्यायची होती, साचा शोधायचा होता, पाऊस येत होता. मी काहीच केलं नाही. कड धरून तसाच उभा राहिलो, ओहोटी आम्हां दोघांच्या बाजूनं जात राहिली, आणि बाबांना उठायची घाई नव्हती. काठावरून दोस्त हाका मारत होता.

संध्याकाळी बाबा अंगणात बसले आणि आईनं गरम पाण्याचं भांडं पुढे ठेवलं. न्हाव्यानं वस्तरा लावला. पांढरे केस जमिनीवर पडत होते आणि बाबांची हनुवटी खालून लहान मुलासारखी निघाली. "तू बी बस," न्हावी मला म्हणाला. मी बसलो. म्हणतात की मान हलली नाही.

ओहोटीला साचा चिखलातून काढला. आतून गुळगुळीत होता, फक्त तोंडाशी लाकडाची साल चिकटून राहिली होती. मी ती खरवडून काढली, तरी सागवानाचे रेषे साच्यात उमटलेले राहिले. दोस्त म्हणाला, लांबी भर, घास, सपाट कर. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि ठेवून दिला. पावसाआधी घाईघाईत आम्ही साच्यातून माझी होडी काढली. या वेळी आईला मांडवाच्या बाहेर बसवलं होतं. रसायनात रंग मिसळला होता म्हणून होडी बाहेर आली ती पांढरीशुभ्र, आणि तोंडावर ओंजळीएवढ्या जागेत लाकडाच्या रेषा. जिथे आईनं शिकेकाईनं धुतलं होतं, तिथेच.

त्या होडीनं मी आगरदांडा बघितला, दिघी बघितलं, त्याच्या पुढचंही पुष्कळ बघितलं. बाबा तिच्यात कधी बसले नाहीत. काच हाय ती, म्हणायचे. लाकडाची होडी त्यांनी मोडू दिली नाही. दुपारी ती खुंट्याला बांधून तिच्यात झोपायचे. तिला किडा लागला, पुढे कधीतरी ती गेली. बाबाही गेले. आईही गेली.

माझी होडी आहे. हिला किडा लागत नाही, हे दोस्तानं खरं सांगितलं होतं. कुठल्याही धक्क्याला लागलो की मी दोर बांधायच्या आधी पुढे जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवतो. बोटांना त्या फळीचे रेषे लागतात. मग तिथे टेकतो, आणि थोडा वेळ मला कुठेही जायचं नसतं.